आग लावू नका, लागू द्या

तूर निघाली, हरभरा निघाला, ज्वारीचा कडबा बांधून झाला. वावरात आता नुसती धसकटं उभी आहेत आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, कुंद्याचं गवत वाळून कडकडीत झालंय. अशा वेळी तुमचा हात खिशातल्या काडीपेटीकडे जाणारच. जाऊ द्या. फक्त काडी ओढायच्या आधी थोडं व्याकरण शिकून घ्या, कारण आगीच्या बाबतीत आपल्याकडचा सगळा कारभार एका अक्षरावर चालतो. आग ‘लावली’ म्हटलं की गुन्हा. आग ‘लागली’ म्हटलं की पंचनामा. ‘व’चा ‘ग’ झाला की आरोपीचा आपद्ग्रस्त होतो.

‘आग लागली’ या वाक्यात कर्ता कोण? आग. गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं, तेव्हा ते कशासाठी हे कळलं नव्हतं.

कायदाही एकदा नजरेखालून घाला, शेवटी तो आपल्यासाठीच केलाय. आगीशी निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० च्या जुन्या दंडविधानात हाच दंड १,००० रुपयांपर्यंत होता. दीडशेहून अधिक वर्षांत सोनं कुठल्या कुठं गेलं, पण आगीचा भाव सरकारनं फक्त दुप्पट केला. गरिबाला परवडली पाहिजे. मात्र मुद्दाम आग लावून कुणाचं पीक जाळलं तर कलम ३२६, आणि तिथं गोष्ट सात वर्षांपर्यंत जाते. दर दिवाळीच्या आसपास कुणाची तरी सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, रात्रीतून पेटते, तेव्हा गावाला माणूस माहीत असतो आणि कागदाला माहीत नसतो. तिथंही ‘ग’च कामाला येतो.

आता मुहूर्त. पहाटे दव असतं, नीट पेटत नाही. संध्याकाळी वारं पडतं, मग आग मुकाट्यानं धुऱ्यापुरती राहते आणि बघायला काही उरत नाही. म्हणून भर दुपारी, वावटळी फिरायला लागल्या की काडी लावावी आणि लगेच घरी जेवायला जावं. शेजाऱ्याला आधी सांगू नये. सांगितलं तर तो फवारणीच्या पंपात पाणी भरून आणि लिंबाचा डहाळा घेऊन येऊन उभा राहतो. कडेनं नांगराच्या दोन रेघा ओढल्या तर आग पुढं सरकत नाही म्हणतात, पण त्याला डिझेल लागतं. काडीपेटी स्वस्त पडते.

माझंच सांगतो. मागच्या चैत्रात माझ्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळची, कडब्याची गंज गेली. अकराशे पेंढ्या. धुऱ्यापलीकडचा अण्णा, आमच्या भावकीतलाच, दुपारी एकला धुरा पेटवून जेवायला गेला होता. धुऱ्यावरून आग त्याच्या तुराट्यांच्या ढिगाला, तिथून बोरीच्या काटीला, म्हणजे काटेरी कुंपणाला, आणि काटीवरनं थेट गंजीला. बैलं सोडली, एवढंच हातात होतं. तालुक्याहून बंब आला तोवर गंजीची मऊ राख झालेली. तरी बंबवाल्यांनी तिच्यावर मनापासून पाणी मारलं. भरलेली टाकी परत नेणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

तिसऱ्या दिवशी तलाठी आले. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नाव लांबलं, सज्जा, म्हणजे त्यांचं कार्यालय, आहे तिथंच आहे. लिंबाखाली बाज टाकली, चहा झाला, पाच पंच गोळा झाले. पहिला पंच अण्णा. ‘आगीचे कारण’ असा रकाना आला तशी साहेबांनी पेन वर केला आणि सगळ्यांकडं एकेकदा बघून घेतलं. कोणी बोलेना. एक कुत्रं राखेत गरम जागा शोधत होतं. मग अण्णाच म्हणाला, “लिहा साहेब, अचानक आग लागली.” साहेबांनी लिहिलं. अण्णानं सही ठोकली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, “जाऊ दे, जनावरं वाचली.”

संध्याकाळी त्यानं बैलगाडीत शंभर पेंढ्या पाठवल्या. त्या काही पंचनाम्यात आल्या नाहीत.

तुम्ही विचाराल, पोलिसात का नाही गेलात? धुरा एक, विहिरीवरची पाण्याची पाळी एक, आणि अण्णाच्या पोरीच्या लग्नात बुंदी वाढायला मीच होतो. शिवाय त्याच्या आदल्या वर्षी माझ्या धसकटांच्या ढिगातून उडालेली ठिणगी ज्याच्या आंब्याला लागली, तोही मला काही बोलला नव्हता. गावात आगीचं असं खातं चालतं, वळतं करून घ्यायचं.

उसवाल्यांसाठी याहून सोपी युक्ती आहे. तोडीची तारीख उलटून गेली, मुकादम फोन उचलत नाही, कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय फडाकडे फिरकत नाही. अशा वेळी फडालाच आग ‘लागू’ द्यावी. जळालेल्या उसाचं वजन घटतं, साखर उतरते, त्यामुळं तो तातडीनं न्यावा लागतो आणि महिनाभर रांगेत ताटकळणारा तुमचा फड एकदम पुढं येतो. टोळीही खूश, कारण पाचट सोलायची कटकट गेली. ‘जळीत ऊस’ म्हणून बिलातून कपात होते, पण रांग मोडायची किंमत कुठं द्यावी लागत नाही? कारण विचारलं तर वर बोट दाखवायचं, तारा लोंबकळतच असतात. बिचाऱ्या तारांच्या नावावर त्यांनी केलेल्या आगींत न केलेल्या किती मिसळल्या असतील, हे त्यांनाच ठाऊक.

तोड झाल्यावर उरलेलं पाचटही पेटवूनच टाका. एका हेक्टरात आठ-दहा टन निघतं. कुट्टी करून सरीत ठेवलं तर ओल टिकते, तण दबतं, कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. एवढा फायदा एकट्यानं घेणं बरं दिसत नाही. जाळलं की नत्र हवेत जातं, म्हणजे ते सगळ्या शिवाराचं झालं. पुढं जूनमध्ये त्याच नत्रासाठी युरियाच्या रांगेत उभं राहायचं. तिथं ओळखीपाळखीची माणसं भेटतात.

दंडाची भीती घालणारे तुम्हाला २०२४ ची बातमी दाखवतील: पिकाचे अवशेष जाळले तर दोन एकरांच्या आत ५,००० रुपये, पाच एकरांपर्यंत १०,०००, त्यापुढं ३०,०००. घाबरू नका. तो दर दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या धुराला आहे. तिथला धूर मोठ्या लोकांच्या नाकात जातो. आपला धूर आपल्याच म्हातारीच्या छातीत जातो, तिला कोण दर लावतो?

कचऱ्याचं मात्र वेगळं. २०१६ साली केंद्रानं नियम केला की कचरा करणाऱ्यानं तो जाळायचा नाही. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं देशभरासाठी दर ठरवला: उघड्यावर जाळला तर ५,०००, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. नियम चोख आहे. अडचण एवढीच की आमच्याकडं सकाळी काडी लावणाऱ्याच्याच हातात झाडू असतो. लिंबाचा पाला, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅग, एखादी फाटकी चप्पल, सगळं एकत्र लोटायचं आणि पेटवून पुढच्या गल्लीत जायचं. दंडाची पावती फाडायची तर झाडणाऱ्यानं आपल्याच साहेबाच्या नावानं फाडावी लागेल. संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या डेपोवर लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराचा कचरा शहरातच साठला आणि जागोजागी पेटला. तेव्हा पाच हजारांचा हिशेब धरला असता तर महापालिकेची थकबाकी एका उन्हाळ्यात फिटली असती, पण वसूल कुणाकडून करायचं, हा प्रश्न होता. कचरा लोकांचा होता आणि आग, अर्थात, लागली होती.

जंगलाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. किनवट-माहूर असो की कन्नडचं गौताळा, १५ फेब्रुवारी ते १५ जून वनखातं डोळ्यांत तेल घालून बसतं, १९२७ चा भारतीय वन अधिनियम हाताशी असतो आणि वरून उपग्रह ३७५ मीटरच्या चौकटीत आग टिपतो. आकाशातून दिसतं ते सज्जातून दिसत नाही, हा धुरा पेटवणाऱ्यांना मिळालेला मोठाच दिलासा.

एक मात्र खरं, आपल्याला आग सांभाळता येत नाही असं कुणी म्हणू नये. हुरड्याची आगटी बघा. खड्डा केवढा, गोवऱ्या किती, निखारा कितपत फुलवायचा, कणीस कधी फिरवायचं, सगळं बोटांना पाठ. भोवती दहा माणसं आणि एकाचीही नजर हलत नाही. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, अंधारात मशालीसारखा पेटता हेंडगा घेऊन उभ्या पिकातून पळणारी पोरं एक धाट जळू देत नाहीत. त्या आगीला मालक असतो, एवढाच फरक.

काल अण्णा धुऱ्यावर आला होता. यंदा कुंदा फार माजलाय म्हणाला. मी गप्प. त्यानं तंबाखू मळली, वारं कुठून येतंय ते बघितलं आणि म्हणाला, “यंदा तुला सांगून लावतो बघ.”

“लावतो म्हणू नको अण्णा,” मी म्हणालो.

“बरं,” अण्णा म्हणाला, “मग उद्या दीडच्या सुमाराला लागंल. तेवढा कडबा सरकून घे.”