वाय-फायला जोडलं की खातं रिकामं? त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे पाच ग्रुपांवरून आला. 'नागपूरकरांनो सावधान' अशी सुरुवात. मेट्रो स्टेशन, रेल्वे स्टेशन, वाचनालय, दवाखाना, कुठंही फुकटच्या वाय-फायला फोन जोडला की दोन मिनिटांत बँक खातं रिकामं होतं. ओटीपी मागतात म्हणजे तुमचा नंबर विकतात. जोडायचंच असेल तर पासवर्डवालंच वाय-फाय घ्या, सगळं इन्कॉग्निटोमध्ये उघडा आणि खालच्या लिंकवरून मोफत व्हीपीएन ॲप टाका. शेवटी 'जनहितार्थ'.

मी नागपुरात बर्डीजवळच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी संगणकांच्या टेबलाशी बसते. परवा भिवापूरकडचा एक मुलगा फोन हातात धरून नुसता उभा होता. परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि डेटा संपलेला. "वाय-फाय आहे ना, जोड की," म्हटलं तर म्हणाला, "काकू, मले भेव वाटते जी. यूपीआय आहे याच फोनमधी." त्या मेसेजपायी त्याचा अर्ज राहिला असता. म्हणून एकेक दावा घेऊन हे लिहिते आहे.

"जोडताच खातं रिकामं होतं." नाही होत. पंधरा वर्षांपूर्वी उघड्या वाय-फायची भीती बरीच खरी होती. २०१० साली फायरफॉक्ससाठी फायरशीप नावाचं एक एक्स्टेन्शन आलं होतं. त्याच वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाचं फेसबुक खातं त्यातून एका क्लिकवर उघडायचं, कारण तेव्हा अनेक साईट लॉगिननंतरची माहिती उघडीच पाठवायच्या. त्यानंतर एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायची पद्धत, जवळपास सगळीकडे आली. जुलै २०१८ पासून तर क्रोम साध्या एचटीटीपी साईटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो. आज बँकेची साईट किंवा मेल उघडला की मजकूर तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन निघतो आणि थेट पलीकडच्या सर्व्हरवर उघडतो. मधल्या वाय-फायवाल्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, म्हणजे तुम्ही कोणत्या साईटवर गेलात एवढं. आतलं पत्र त्याला वाचता येत नाही.

यूपीआयचं कुलूप तर आणखी पक्कं आहे. ॲप सुरू करताना तुमच्याच सिमवरून एसएमएस जातो आणि खातं त्या फोनला बांधलं जातं. शिवाय पैसे पाठवायला साधारणपणे पिन लागतो, आणि तो पिनही कुलूपबंद होऊनच जातो. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस केवळ त्याच वाय-फायवर आहे म्हणून तुमचे पैसे काढू शकत नाही.

मग लोकांचे पैसे जातात कसे? ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिकेच्या किंवा ट्रॅफिक चलानच्या नावानं एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल, येते आणि आपण ती टाकतो. कुणीतरी 'केवायसी'साठी स्क्रीन दाखवायला लावतं. पैसे मिळणार म्हणून आपण पिन टाकतो, खरं तर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. हे सगळं घरी बसून, स्वतःच्या डेटावरही होतं. झालंच तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात.

वाय-फायचा खरा धोका वेगळा आहे, आणि मेसेजात त्याचं नावही नाही. मागे एकदा आमच्या यादीत अभ्यासिकेच्याच नावाला पुढे 'फ्री' जोडलेलं दुसरं नेटवर्क दिसलं. सिग्नल आमच्यापेक्षा जोरदार. जोडून पाहिलं तर पान उघडलं आणि त्यात ईमेल व त्या ईमेलचा पासवर्ड मागितलेला. कुणी लावलं होतं ते कळलं नाही, तासाभरात गायब झालं. नेटवर्कला नाव कुणीही काहीही देऊ शकतं. म्हणून जोडण्याआधी काउंटरवर नाव विचारा, अक्षर न् अक्षर. फोनमध्ये 'आपोआप जोडा' बंद ठेवा, नाहीतर फोन जुन्या ओळखीच्या नावाला भुलून स्वतःच जोडला जातो. आणि बँकेच्या साईटवर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशी सूचना आली तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. परत फिरा.

"ओटीपी मागतात म्हणजे नंबर विकतात." विकायला नाही, ओटीपी मागणं हा नियम आहे, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला. माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात पोहोचले. त्या घरातल्या माणसाचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्यानंच वापरलं होतं. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना काढल्या. रेल्वे स्टेशनवर रेलटेल या रेल्वेच्याच कंपनीच्या वाय-फायला नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो तो यासाठीच. तिथं रोजचा पहिला अर्धा तास मोफत मिळतो, अर्ज भरायला तेवढा पुरतो.

मात्र मर्यादा ओळखा. लॉगिनचं पान नंबर आणि ओटीपी मागेल. एटीएम कार्डाचा नंबर, यूपीआय पिन, आधारचा फोटो असलं काही मागितलं तर ते पान बंद करा.

"पासवर्डवालं वाय-फाय सुरक्षित." भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड तुम्हाला ठाऊक तसा शेजाऱ्यालाही ठाऊक. बहुतेक ठिकाणी अजून चालणाऱ्या डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या कुलपात, ज्याच्याकडे तो पासवर्ड आहे आणि तुम्ही जोडताना जो टिपत बसला आहे, त्याला वाय-फायचा थर उलगडता येतो. त्याच्या आतलं एचटीटीपीएसचं कुलूप तेवढं शाबूत राहतं. तुम्हाला राखतं ते हे आतलं कुलूप.

"इन्कॉग्निटो वापरा, कुणाला कळत नाही." इन्कॉग्निटो फक्त त्या फोनच्या हिस्ट्रीत नोंद राहू देत नाही. नेटवर्कवाल्याला आधी जे दिसत होतं ते तसंच दिसतं.

"खालच्या लिंकवरून व्हीपीएन टाका." माझा सगळ्यात जास्त राग या ओळीवर आहे. लोकांना घाबरवायचं आणि घाबरलेल्या हातात अनोळखी लिंक द्यायची. व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरवरून नेणारी सोय. ते टाकलं म्हणजे वाय-फायवाल्यावरचा भरवसा काढून व्हीपीएनवाल्यावर ठेवला. तो कोण, त्याचा खर्च कुठून निघतो, हे माहीत नसेल तर हा व्यवहार तोट्याचा. आणि प्ले स्टोअर सोडून मेसेजमधल्या लिंकवरून ॲप टाकणं म्हणजे वर सांगितलेल्या एपीकेचीच वाट. हा मेसेज तुमच्याकडे आला असेल तर निदान लिंक काढल्याशिवाय पुढे पाठवू नका.

मेसेज लिहिणाऱ्याला ज्याची कल्पनाही नाही ते मला रोज दिसतं. आमच्या संगणकांवर रात्री कुलूप लावण्याआधी मी डाउनलोड फोल्डर रिकामा करते. परवा त्यात सतरा आधारकार्डं होती, चार पॅनकार्डं, एका मुलीचं जातवैधता प्रमाणपत्र आणि कुणाच्या तरी आईचं बँक पासबुक. तीन नंबरच्या मशीनवर एकाचं व्हॉट्सॲप वेब तसंच सुरू होतं, घरच्यांचे मेसेज पडद्यावर येत होते. यात हॅकर कुणीच नव्हता, घाईत उठून गेलेली आपलीच पोरं होती. सार्वजनिक संगणकावरून उठताना लॉगआउट करा, फाईल काढा, रीसायकल बिनसुद्धा रिकामी करा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली तरी हेच.

आणि वाय-फाय सगळ्यांचं आहे हेही बोललं पाहिजे. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी आमच्याकडे चाळीस मुलं एकाच लाईनीवर असतात. त्यात एकानं वेबसिरीज उतरवायला लावली की फीचं पान फिरतच राहतं आणि कुणाचा तरी व्यवहार मध्येच अडकतो. लेक्चर बघायचं तर क्वालिटी कमी करा, फोनचे अपडेट घरी करा.

त्या भिवापूरच्या मुलाला मी नेटवर्कचं नाव कागदावर लिहून दिलं. त्यानं ते यादीत जुळवून पाहिलं, ओटीपी टाकला, बँकेच्या साईटचा पत्ता दोनदा वाचला. आठ चाळीसला अर्ज गेला. पावती फोनमध्ये ठेवून त्यानं सेटिंगमध्ये जाऊन आमचं नेटवर्क काढून टाकलं, आणि जिन्यात उभं राहून घरी फोन लावला. "हो बाबा, फी तेवढीच गेली. बाकी आहेत."