मायक्रोग्लिया मेंदूच्या वैरी नाहीत
‘मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी खवळल्या की अल्झायमर होतो, म्हणून सूज उतरवणारी गोळी रोज घ्या’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यातला सल्ला घातक आहे. मेंदूची राखण करणाऱ्या या पेशी एरवी आपले बारीक फाटे हलवत आसपास चाचपत राहतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गाठीला वेढा घालून बसतात. आजार लांबला की त्याच मेंदूच्या पेशींमधले चांगले जोडही खातात, हे खरं. पण २०१३ साली ट्रेम-२ जनुकाने दुसरी बाजू दाखवली: त्यातल्या बिघाडाने या पेशी दुबळ्या पडतात आणि अल्झायमरचा धोका वाढतो. नॅप्रोक्सेन ही सूज उतरवणारी गोळी देऊन केलेल्या चाचणीत आजार टळला नाही. रोजच्या गोळीने म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला, किडनीला मात्र इजा होऊ शकते. आईबाबांच्या डब्यात ती या मेसेजवरून आली असेल, तर आजच डॉक्टरांना विचारा.