जुने फोटो परत उघडा, पण नटवायला नको

आमच्या फोटोवाल्या मित्रांत एक वाद कायम चालू असतो. एक गट म्हणतो, काढला तेव्हा जो झाला तोच फोटो, दहा वर्षांनी परत एडिट केला की तो खोटा. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सल ॲडम्सचा तो न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाचा फोटो घ्या, १९४१ चा. निगेटिव्ह एकच, पण पुढची कितीतरी वर्षं तो माणूस त्याचे नवे नवे प्रिंट काढत राहिला, सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग दिसतात आणि नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळंकुट्ट. १९४८ मध्ये तर त्याने खुद्द निगेटिव्हच्या खालच्या भागावर परत केमिकल चढवलं. आपल्याकडे रॉ फाईल आहे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला मूळ कच्चा डेटा, तिला धक्काही लागत नाही, एडिट म्हणजे नुसत्या सूचना, बाजूला लिहून ठेवलेल्या. मग एवढं सोवळं कशाला?

पण मी दुसऱ्या गटातही नाही. त्यांना जुना फोटो उघडला की तो "आजच्या लेव्हलला" आणायचा असतो. म्हणजे आकाश बदल, वायरी काढ, गालावरचे डाग पुस. २००८ ते २०१२ च्या दरम्यान आपण सगळ्यांनी एचडीआरचं (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करायची पद्धत) जे काय केलं तेही हेच होतं ना. पणजीची चर्च पांढरीशुभ्र आणि मागे जांभळं आकाश, माडांच्या झावळ्यांभोवती पांढरी प्रभावळ जशी काय प्रत्येक माडाला सिद्धी प्राप्त झालीय. आणि तो सिलेक्टिव्ह कलर! अख्खी बाई कृष्णधवल आणि केसातली आबोली तेवढी केशरी. शंभर शंभर लाईक मिळायचे हो. आज एआयने आकाश बदलणारे त्याच रांगेत उभे आहेत, फक्त त्यांना अजून माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की परत एडिट करायचा तो फोटोत काय काय आहे ते दिसावं म्हणून. सुंदर झाला तर बोनस.

हे मला पटलं ते माटोळीमुळे, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर लाकडी चौकटीला रानातली फळं आणि पाला बांधतात ती. आमच्या घरी चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी बांधतात ती अजून जुन्या पद्धतीची, थोरले काका आदल्या दिवसांत रानात फिरून आणतात, तोरंजनं, आमाडे, सुपारीचे घोस, कवंडळं, आणि कसली कसली फळं आणि पाला ज्याची नावं त्यांनाच ठाऊक. मी दर वर्षी फोटो काढतो. आता त्या खोलीतला उजेड बघा, वर ट्यूबलाईट, तिचा हिरवट, गणपतीपाशी समई आणि पिवळा बल्ब, आणि दारातून पावसाळी निळसर उजेड. एका फोटोत तीन रंगांचे उजेड. तेव्हा अख्ख्या फोटोला व्हाईट बॅलन्स (उजेडाचा रंग सुधारायची सेटिंग) एकच, गणपती बरा दिसेल असा लावला की माटोळीचा पाला आजारी दिसायचा, आणि पाला सुधारला की गणपती निळा. ब्रश फिरवून फक्त एका भागाचं टेंपरेचर (पिवळे-निळेपणा) बदलायची सोय लाईटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ४ नंबरच्या व्हर्जनमध्ये आली, २०१२ ला. एका क्लिकवर आकाश किंवा माणूस निवडणारं मास्किंग तर २०२१ च्या शेवटी. पण सोय आली म्हणून मला जमायला लागलं असं नाही हं, ट्यूबचा उजेड हिरवा असतो हे आधी डोळ्याला दिसावं लागतं, आणि ते शिकायला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वर्षं जातात.

तर गेल्या पावसाळ्यात लाईट जात येत होती, बाहेर जाता येत नव्हतं, तेव्हा जुने चवथीचे फोल्डर उघडले. माटोळीच्या वरच्या बाजूला लाकडी चौकटीपाशी जो अंधार होता तो मी त्या काळी सरळ काळा करून टाकलेला, कॉन्ट्रास्ट छान दिसतो म्हणून. रॉमध्ये त्या अंधारात सगळं शाबूत होतं. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्याच्या १२ बिट रॉमध्ये ४०९६, त्यामुळे सावली उचलली, म्हणजे अंधारा भाग उजळवला, तरी फाटत नाही, थोडे दाणे येतात एवढंच. ट्यूबचा हिरवा काढला, बल्बचा पिवळा थोडा ठेवला (पूर्ण काढला तर ती चवथ वाटत नाही, हॉस्पिटल वाटतं), आणि वरून एकेक फळ बाहेर यायला लागलं. काकांना लॅपटॉप दाखवला. ते चष्मा लावून नाव घेत बसले, हे अमुक, हे तमुक, आणि एका वेलीपाशी थांबून म्हणाले, "पळय, ही आतां आमच्या दोंगरार मेळना." (बघ, ही आता आमच्या डोंगरावर मिळत नाही.) त्यानंतर अर्धा तास तो डोंगर, तिथले प्लॉट, कोणी काय विकलं. मी नुसता ऐकत होतो आणि मागचे फोल्डर उघडत होतो. आता प्रत्येक वर्षाच्या फोटोखाली नावं लिहितोय.

खाणींचंही तसंच. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद होण्याआधीचे डिचोली साखळीकडचे माझे फोटो आहेत, ट्रकांची रांग, झाडांची पानं तांबडी, घरांच्या भिंती तांबड्या. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स काय करतो, तर सगळीकडे एकच रंग दिसला की त्याला तो दोष वाटतो आणि तो काढून टाकतो. वरून आपणही पानं हिरवी करायचो, कारण पान हिरवंच असतं ना. आता परत एडिट करताना ती तांबडी धूळ तशीच ठेवली. फोटो कुरूप दिसतो, तेव्हाचा रस्ता तसाच होता.

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेच्या फोटोंना मात्र नवीन टूलचा खरा फायदा झाला. पहाटे धोंड (देवीचे व्रत करणारे भक्त) होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून जातात तेव्हा उजेड फक्त निखाऱ्यांचा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) चढवून काढलेले ते फोटो म्हणजे नुसते दाणे दाणे. २०२३ च्या एप्रिलात लाईटरूममध्ये एआय डीनॉइज आलं, रॉवर चालणारं, त्याने दाणे जातात आणि धोंडांच्या वेताच्या काठीवरचे रंगीत गोंडे सुटे दिसतात. पण स्लायडर शेवटपर्यंत नेऊ नका. लांबचे चेहरे मेणाचे होतात, कधी कधी डोळेच नवीन तयार होतात, आणि ते त्या माणसाचे नसतात. आणि विस्तवाचा केशरी रंग "करेक्ट" करायचा मोह तर अजिबात नको.

एक टेक्निकल सांगून ठेवतो. जुना एडिट उघडलात की लाईटरूम त्याला जुन्या प्रोसेस व्हर्जनमध्येच (एडिटिंगच्या तेव्हाच्या पद्धतीतच) दाखवतं, फिल लाईट वगैरे जुने स्लायडर. अपडेट केलं की फोटोचा चेहरा बदलतो. म्हणून आधी व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाईलवर दुसरा वेगळा एडिट) करा आणि नवीन काम तिच्यावर करा, जुना एडिट ठेवा. आपली आवड तेव्हा काय होती तेही कधीतरी बघायला मजा येते. आमच्या काकांना तर २०११ चा पिवळाधमक केलेलाच फोटो आवडतो, तोच हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, बदलू देत नाहीत.

आणि आपल्या हवेत सीडी, डीव्हीडी, हार्डडिस्क कोणावर विश्वास ठेवू नका. कपाटात बुरशी आली की लेन्सला पण येते. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

शेवटी एक विनंती. सत्तरी, डिचोली, फोंडा, पेडणे, काणकोण, गोव्यातली कुठलीही असो, कोणाकडे जुन्या माटोळीचे फोटो असतील तर मला पाठवा, रॉ नसला तर जेपेगही चालेल, हललेला असला तरी चालेल, वर्ष आणि गाव तेवढं लिहा. फक्त व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकू नका, तो पिळून काढतो सगळं, डॉक्युमेंट म्हणून टाका.