पाठांतराच्या वादात हरवलेला अ‍ॅरिस्टॉटलचा प्रश्न

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा बर्लिनमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांमध्येही त्यावर बरीच चर्चा झाली. मूल्यांविषयीच्या प्रकरणात मनुस्मृतीतील श्लोक का आला, मुलांनी भगवद्गीता आणि मनाचे श्लोक पाठ करावेत की नाही, आणि करायचेच तर संविधानाची प्रस्तावना का नको, असा तो वाद होता. मनुस्मृतीला होणारा विरोध मला पूर्णपणे योग्य वाटतो. तरीही दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली होती, ती म्हणजे योग्य मजकूर मुलांच्या मुखी बसवला की चारित्र्य आपोआप घडते.

बर्लिनमध्येही असाच एक वाद होऊन गेला आहे. २००५ साली एका कुर्दी वंशाच्या तरुणीची तिच्याच भावाने हत्या केली आणि काही विद्यार्थ्यांनी त्या कृत्याचे समर्थन केल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर २००६ पासून इथे सातवी ते दहावीच्या सर्व मुलांना, ती कोणत्याही धर्माची असोत, नीतिशास्त्र हा विषय सक्तीचा झाला. त्याऐवजी धर्मशिक्षण निवडण्याची मुभा मिळावी, ही मागणी एप्रिल २००९ च्या सार्वमतात फेटाळली गेली. त्या वेळीही चर्चा मुख्यतः हा तास कोणाच्या ताब्यात असावा याभोवतीच फिरत राहिली.

मुलांना उपयोगाचे शिकवावे, सद्गुण शिकवावेत की उच्च ज्ञान द्यावे, याबद्दल लोकांचे एकमत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात नोंदवून ठेवले आहे. त्याचे स्वतःचे उत्तर मात्र ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात आहे: वीणा वाजवून माणूस वादक होतो आणि न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो. वाईट वाजवण्याच्या सरावाने वाईट वादकही तयार होतात, हेही तो लगेच सांगतो. जे लोक केवळ सद्गुणांची चर्चा करून आपण चांगले होऊ असे मानतात, त्यांना तो वैद्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकून एकही पथ्य न पाळणाऱ्या रुग्णांच्या पंक्तीत बसवतो.

ही कसोटी लावली तर इथल्या नीतिशास्त्राच्या तासापेक्षा अनेक शाळांतील आठवड्याची वर्गपरिषद मला अधिक मोलाची वाटते. तिथे एक मूल अध्यक्षपद सांभाळते, दुसरे इतिवृत्त लिहिते, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचेही म्हणणे ऐकून घेतले जाते आणि ठरलेला तोडगा पाळला गेला का, हे पुढच्या आठवड्यात तपासले जाते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी हा न्याय करण्याचा प्रत्यक्ष सराव आहे. आपल्याकडे शालेय मंत्रिमंडळ असते, पण बहुतेक ठिकाणी निवडणूक आणि शपथविधी झाला की त्याचे काम संपते. मात्र आपल्याकडे शालेय पोषण आहाराची पंगत आहे, जिथे वेगवेगळ्या जातींची मुले एका ओळीत बसून एकाच पातेल्यातले अन्न खातात. समतेवरच्या शंभर सुविचारांहून ही सवय खोल रुजते, आणि म्हणूनच एखाद्या गावात त्या पंगतीत भेद केला जातो तेव्हा होणारे नुकसानही तितकेच खोल असते. परीक्षेतल्या कॉपीचेही तसेच आहे: सकाळच्या परिपाठात प्रामाणिकपणावर बोधकथा ऐकलेला मुलगा जेव्हा केंद्राबाहेरून चिठ्ठ्या पुरवणारी मोठी माणसे पाहतो, तेव्हा त्याचा खरा नीतिपाठ तिथे होत असतो.

तथापि केवळ सवयीवर भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. खुद्द अ‍ॅरिस्टॉटलने गुलामगिरी नैसर्गिक ठरवली आणि स्त्रियांना नागरिकत्वाबाहेर ठेवले, कारण त्याच्या शहराची ती जुनी सवय होती आणि तिथे त्याची चिकित्सा थांबली. सवयींना प्रश्न विचारण्याचे काम त्याच्या आधी सॉक्रेटिसने केले होते, आणि तरुणांना बिघडवल्याच्या आरोपाखाली इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. बर्लिनच्या नीतिशास्त्राच्या तासाची खरी गरज मला इथे पटते, कारण आपल्या घरातील रीत योग्य का आहे, याची कारणे मुलांना तिथे वर्गासमोर मांडावी लागतात.

मसुद्यातील त्या श्लोकात म्हटले आहे की जो वडीलधाऱ्यांना वंदन करतो आणि त्यांची सेवा करतो, त्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते. वडीलधारेच अन्याय करत असतील तर काय करावे, असे सातवीतल्या मुलीने उभे राहून विचारले, तर शिक्षकांनी तिच्याशी कसे बोलावे आणि तिला वर्गात पाठबळ कसे मिळावे, हे आराखड्याने स्पष्टपणे सांगायला हवे.