‘वेळ नसेल तर प्लास्टिकचं आणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ‘हिरवा माणूस’.

हे तुमचं खरं नाव नसणार, पण तुम्ही तेच दिलंय तर तेच वापरते.

घरातल्या ऑफिसच्या कोपऱ्यात कुठली सोपी झाडं ठेवावीत, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं इथे देते. म्हणजे नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा घोळ नको.

“सोपी झाडं ही आळशी लोकांची सोय आहे. ज्यांना झाडासाठी वेळ नाही त्यांनी प्लास्टिकचं आणावं. तीच तीच नावं, मांजर असलेल्या घरांचा विचार नाही, पाणी किती दिवसांनी घालायचं ते नाही, हवा शुद्ध होते या नासाच्या थापा मात्र आहेतच. सॅन्सेव्हिएरियाचं नाव बदललंय हेही लेखिकेच्या गावी नाही. नर्सरीवाल्याने लिहून घेतल्यासारखा लेख. आधी चार झाडं जगवा, मग शिकवा.”

टीकेचं मला वावडं नाही. कोकोपीटवर (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) लिहिलं तेव्हा एका काकांनी माझ्याशी बराच वाद घातला होता, अजूनही घालतात, आणि त्यांच्या गच्चीवरची अळूची पानं दरवर्षी श्रावणात माझ्याकडे येतात. पण त्यांनी सुरुवात ‘ताई, मला हे पटलं नाही’ अशी केली होती. तुमची सुरुवात ‘आळशी’पासून. तीही मला उद्देशून नाही, माझ्या वाचकांना उद्देशून. मला बोला हो, माझी कातडी जाड आहे. पण ज्या मुलीने काल लाजत लाजत विचारलं की ‘माझी खोली अंधारी आहे, तरी काही जगेल का’, तिने तुमचं काय घोडं मारलंय?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकते. सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिआटा हे झाड २०१७ पासून ड्रॅसिना ट्रायफॅसिआटा झालं आहे. लेखात तसा बदल केला, आभार. आता हे नवं नाव घेऊन पुण्याकडे हडपसर, मांजरी किंवा उरुळी कांचनच्या कुठल्याही नर्सरीत जा आणि ‘एक ड्रॅसिना द्या’ म्हणा. हातात साँग ऑफ इंडिया (तीही ड्रॅसिनाच, पण वेगळी) पडलं तर कळवा. तिथे ते स्नेक प्लांटच आहे आणि पुढची बरीच वर्षं राहील.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘ज्यांना झाडासाठी वेळ नाही त्यांनी प्लास्टिकचं आणावं.’

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, म्हणून यावरच सविस्तर लिहिते.

तुमची समजूत अशी दिसते की झाडं दुर्लक्षाने मरतात. गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात, मरतही असतील. पण घरात टेबलाशेजारी ठेवलेलं झाड बहुतेक वेळा पाण्याने मरतं, आणि ते पाणी घालणारा माणूस आळशी अजिबात नसतो. तो दिवसभर त्या झाडाच्या शेजारीच बसलेला असतो. कॉल लांबला, याने स्वतःला म्यूट केलं, समोर कुंडी दिसली, बाटलीत तळाला राहिलेलं पाणी तिच्यात गेलं. संध्याकाळी दुसरा कॉल, पुन्हा तेच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून कुंडी ओली असतानाही पानं मलूल होतात. आणि पान मलूल दिसलं की हा भला माणूस धावत जाऊन आणखी एक तांब्या ओततो. सांगा, इथे वेळ कमी पडला की जास्त झाला?

शिवाय ते टेबल कुठे असतं हे तुम्ही कधी पाहिलंय का? कोथरूडला घ्या नाहीतर वाकडला, टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम. खिडकी शेजारच्या इमारतीकडे, नाहीतर डक्टकडे. चुकून चांगली खिडकी मिळालीच तर तिचा पडदा ओढलेला, कारण स्क्रीनवर चकाकी येते. टेबल आतल्या भिंतीला, कारण प्लग तिथे. आपल्याला ही खोली उजेडाची वाटते, कारण डोळा जुळवून घेतो. झाडाला तशी सोय नाही. भर दुपारचं मोकळ्यावरचं ऊन एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) घरात जातं, आणि ऑफिसात लिहिण्यावाचण्यासाठी धरतात तो उजेड असतो ३०० ते ५०० लक्स. इतक्या उजेडात झाड सावकाश वाढतं आणि पाणीही सावकाशच संपवतं. (फोनमध्ये लक्स मोजायचं ॲप टाका. ते अगदी अचूक नसतं, पण खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंत चालत गेलात तर आकडा कसा कोसळतो ते पाहून घाम फुटेल.)

अशा कोपऱ्यासाठी मी झीझी (जाड, चकचकीत पानांचं झीझी प्लांट) आणि स्नेक प्लांट सुचवली, ती त्यांच्या घडणीमुळे. झीझी मूळची पूर्व आफ्रिकेतली. मातीखाली तिचे बटाट्यासारखे कंद असतात आणि पाण्याचा साठा त्यांत. स्नेक प्लांट पानांवरची रंध्रं (हवा आणि वाफ आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं) मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे दिवसाच्या उष्णतेत त्याचं पाणी फारसं उडत नाही. दोघांनाही सततचा ओलावा मानवत नाही, कोरडेपणा मानवतो. म्हणजे तुम्ही ज्याला आळशी म्हणताय, तोच माणूस या दोन झाडांसाठी सगळ्यात लायक आहे. आणि तुमच्यासारखे, ज्यांच्याकडे भरपूर वेळ आहे (रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया लिहिण्याइतका), त्यांनीच झीझी आणताना दोनदा विचार करावा.

पाणी घातल्याशिवाय ज्यांना चैनच पडत नाही, त्यांच्यासाठीही लेखात एक ओळ होती. तुमची नजर तिच्यावरून घसरली असावी. मनी प्लांटची फांदी पेराखाली कापायची आणि काचेच्या बाटलीत, पाण्यातच वाढवायची. पान पाण्याबाहेर, पेर पाण्यात. घाला किती घालायचं ते पाणी. फक्त आठवड्याला ते पूर्ण बदला आणि बाटली आतून घासून घ्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालच्या बशीलाही हेच लागू. पावसाळ्यात तर मी बशी काढूनच ठेवते.

पाण्याचं वेळापत्रक मी मुद्दाम दिलं नाही. पुण्यात ते देताच येत नाही. जुलैमध्ये आठवडे-आठवडे आभाळ भरलेलं, हवा दमट. वरून कोरडं दिसणारं कोकोपीट बोट घातलं की आत चिंब असतं. एप्रिलमध्ये तीच कुंडी, तीच खोली, वर पंखा गरगरतोय, आणि माती कडा सोडून आक्रसलेली. ‘दर रविवारी एक कप’ असं मी लिहिलं असतं तर उन्हाळ्यातलं झाड तहानलं असतं आणि पावसाळ्यातलं कुजलं असतं. म्हणून लिहिलं होतं: दोन पेरं बोट मातीत घाला, ओलं लागलं तर हात धुऊन कामाला लागा. स्नेक प्लांट आणि झीझीला तर कुंडी तळापर्यंत वाळू द्या. उचलून बघितलं की वजनावरून कळतं. लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर चिलटं घिरट्या घालायला लागली तर समजायचं की वरची माती सतत ओली राहतेय, कारण ती अंडी तिथेच घालतात. याहून स्पष्ट वेळापत्रक मला येत नाही.

‘आधी चार झाडं जगवा.’ बरं.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. चौकात तुळस, जास्वंद आणि प्राजक्त. माजघराला खिडकी नाही. आईची मनी प्लांटची बाटली माजघराच्या दारात असायची आणि ती वेल दाराच्या चौकटीवरून खुंटीपर्यंत गेली होती. वडिलांना गुलाबांचं वेड. डोळे भरायचे (म्हणजे कलम करायचं) कसे, छाटणी कधी, हे मी शाळेत असताना शिकले. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायचं, आणि परत येताना रिक्षात दुसऱ्यांच्या गुलाबांना नावं ठेवायची, हा आमच्या घरचा सण होता. तेव्हा झाडावर जीव लावणं म्हणजे काय, हे मला टोपणनावाने लिहिणाऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

आणि वेळ नसणं म्हणजे काय, तेही. वडील आजारी पडले तेव्हा मी रात्री त्यांच्याजवळ बसायचे, दिवसा तिथूनच लॅपटॉप उघडायचे आणि घरी फक्त कपडे बदलायला जायचे. गॅलरीतला गुलाब त्या उन्हाळ्यात गेला. टेबलाजवळची झीझी तशीच होती, पानांवर धूळ, बाकी काही नाही. ओल्या फडक्याने पुसली आणि खालून नवा कोंब आलेला दिसला. मी तेव्हा आळशी होते का हो? मी प्लास्टिकचं झाड आणायला हवं होतं? लहान बाळ असलेली आई, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा मुलगा, घरात पडून असलेलं माणूस सांभाळणारी सून, या सगळ्यांना तुम्ही एका ओळीत प्लास्टिककडे पाठवून मोकळे झालात. लिहिताना एकदाही असं वाटलं नाही की समोर कोण असेल?

असो. बाकीचं पटापट.

नासा. माझ्या लेखात हा शब्द नाही, शोधून दाखवा. पण विषय काढलाच आहे तर, थापा नासाच्या नाहीत. झाडं हवा शुद्ध करतात म्हणून ज्याचा दाखला देतात, तो १९८९ चा नासाचा अभ्यास बंदिस्त छोट्या कक्षांमधला होता आणि तसं त्यात लिहिलेलं आहे. तो दिवाणखान्याला लावला झाडं विकणाऱ्यांनी. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात साध्या वायुवीजनाशी बरोबरी करायला एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील असं निघालं. तेव्हा खिडकी उघडा. मी झाड ठेवते ते बघायला बरं वाटतं म्हणून.

मांजर. लेख मांजरांवर नव्हता. तरी सांगते: मनी प्लांट, झीझी, पीस लिली यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते. स्नेक प्लांटनेही मांजराला उलट्या होऊ शकतात. मांजर असेल तर स्पायडर प्लांट किंवा अरेका पाम घ्या. मांजर कुंडीत काय करेल त्याची जबाबदारी माझी नाही.

तीच तीच नावं. हो, तीच. कारण ती जगतात.

नर्सरीवाला. माझ्या अख्ख्या लेखात एकाही दुकानाचं नाव नव्हतं. उलट पहिलाच सल्ला होता की शेजाऱ्यांकडून फांदी मागा, फुकट मिळते. (मनी प्लांट चोरून आणलेलाच लागतो असं आमच्याकडे म्हणायचे, मी मागूनच आणते, तोही लागतो.) फुकटात झाड मिळवायला सांगणारी जाहिरात कुठला नर्सरीवाला लिहून घेतो, त्याचा पत्ता असेल तर मला द्या. मला जरा त्याच्याशी बोलायचंय.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण यापुढे माझ्या वाचकांना विशेषणं लावलीत तर ती ओळ मी छापणार नाही. माझ्याशी वाटेल तेवढं भांडा.

आणि या सगळ्या गदारोळात ज्यांचा साधा प्रश्न खाली राहून गेला त्या सिंहगड रोडच्या ताईंना: उत्तरेच्या खिडकीत गुलाबी पानांचं ॲग्लोनिमा नको, त्याला रंग टिकवायला जास्त उजेड लागतो आणि काही महिन्यांत ते फिकट पडेल. हिरव्या-करड्या पानांचं घ्या. आणि तुम्ही म्हणता तसं बोअरचं पाणी असेल, कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर धरत असेल, तर पावसाळ्यात गच्चीवर बादली ठेवा आणि महिन्यातून एकदा ते पाणी भरपूर ओतून खालून निथळू द्या. भरलेली बादली झाकायला मात्र विसरू नका.