लाल शाईने लिहिलं होतं, पण कपाटात

सिंहगड रोडला २७ वर्षं फॅमिली प्रॅक्टिस करते आहे. दवाखान्यात केसपेपरांचं लाकडी कपाट आहे. एकेका घराचा एकेक गठ्ठा, रबर लावलेला. आजोबांचा दमा, सुनेचं थायरॉइड, नातवाच्या लसी, सगळं एकत्र. त्या कपाटाचा मला फार अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या पेशंटकाकांना लघवीच्या इन्फेक्शनसाठी रात्री हॉस्पिटलात नेलं. त्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी. केसपेपरवर मी लाल शाईने लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलंही, पण घाबरलेल्या काकूंना "कसलंतरी औषध चालत नाही" एवढंच आठवलं. कोट्रायमोक्साझोल सुरू झालं, म्हणजे सल्फाचंच औषध. तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ, तोंड सोललेलं. काका बरे झाले, पण त्या रात्री कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती, हे मी विसरू शकत नाही.

त्याच महिन्यात कॉम्प्युटरवर नोंदी सुरू केल्या.

"जुने केसपेपर कोण भरणार?" असं सहकारी विचारतात. सगळे भरूच नका. पेशंट पुढच्या वेळी आला की ॲलर्जी, चालू गोळ्या आणि शुगर आणि क्रिएटिनिनचे (किडनीच्या तपासणीचे) शेवटचे आकडे तेवढे घाला. माझं निम्मं काम असंच झालं.

सॉफ्टवेअर घेताना मात्र आधी विचारा, की उद्या सोडायचं ठरवलं तर माझा डेटा कसा देणार? मी विचारलं नव्हतं. पहिल्या कंपनीने सोडताना नुसत्या पीडीएफ हातात ठेवल्या आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. ईएचआरची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आरोग्यनोंदी कशा ठेवायच्या आणि दुसरीकडे कशा द्यायच्या याची, सरकारी मानकं २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली गेली. त्यांचं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. मानकं पाळणारंच सॉफ्टवेअर मागा.

आभाबद्दल, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याबद्दल, पेशंट धास्तावलेले असतात. मी सांगते, आभाचा १४ अंकी नंबर ऐच्छिक आहे, नोंदी जिथल्या तिथेच राहतात आणि तुम्ही संमती दिलीत तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. पण आभा एकेका माणसाचं असतं. माझा रबर लावलेला गठ्ठा त्यात कुठेच नाही. सासूच्या आजारपणात सुनेचं बीपी का चढलं, हे मला एका नजरेत दिसायचं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एकदा फॅमिली डॉक्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसावं, असं मनापासून वाटतं.

स्क्रीनकडे बघता बघता पेशंटकडे बघायचं राहतं, ही तक्रारही खरी. पहिले सहा महिने माझंही तेच झालं. मग टेबल फिरवलं. आता स्क्रीन दोघांना दिसते, आणि गोळ्या वाचून दाखवल्या की पेशंटच सांगतात, "डॉक्टर, ही तर मी कधीच सोडली!"

काकांच्या मोबाइलमध्ये आता सगळं आहे. काकूंनी तरीही एक प्रिंट मागून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली. "सल्फा" तेवढं मी परत लाल शाईने लिहून दिलं.