१९७१ चा सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम: माझे मत ‘हूज नेक्स्ट’ला

१९७१ या एकाच वर्षातील सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम कोणता, या प्रश्नावर आमच्या संगीतप्रेमी मित्रमंडळात सध्या मोठा वाद चालू आहे. बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, कॅम्प या भागांत राहणारे, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून सवडीने येणारे, घरी मराठी, कन्नड किंवा कोकणी बोलणारे असे आम्ही सारेच या वादात हिरिरीने उतरलो आहोत आणि बहुमत लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या चौथ्या अल्बमकडे झुकले आहे. मी त्या बहुमतात नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा ‘हूज नेक्स्ट’ हा त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम आहे, असे माझे विचारपूर्वक बनलेले मत आहे, आणि बैठकीतल्या गलबल्यात त्याची कारणे नीट मांडता येत नाहीत म्हणून ती येथे सविस्तर लिहितो.

ज्याने हे वर्ष सुचवले त्याने आम्हां सर्वांना मोठ्या पेचात टाकले, यात शंका नाही. मार्चमध्ये जेथ्रो टलचा ‘ॲक्वालंग’, एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्सचा ‘स्टिकी फिंगर्स’ आणि डोअर्सचा ‘एल. ए. वुमन’, वर्षाच्या मध्यास ब्लॅक सॅबथचा ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’, ऑगस्टमध्ये ‘हूज नेक्स्ट’, पुढे पिंक फ्लॉइडचा ‘मेडल’, ८ नोव्हेंबरला लेड झेपेलिनचा चौथा अल्बम आणि डिसेंबरात डेव्हिड बोवीचा ‘हंकी डोरी’, एवढा ऐवज बारा महिन्यांत बाजारात आला. बीटल्स १९७० मध्ये विभक्त झाले होते, जिमी हेन्ड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन त्याच वर्षी एकापाठोपाठ गेले होते, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेवर हक्क सांगणारी मंडळी पूर्ण तयारीनिशी उभी होती. कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ मला अतिशय प्रिय आहे, परंतु त्याला रॉकच्या पंक्तीत बसवण्याचा आग्रह मला पटत नाही, म्हणून त्याचा विचार येथे करीत नाही.

निवड करण्यापूर्वी एक प्रश्न मिटवणे आवश्यक आहे. अल्बम कोणत्या वर्षाचा मानायचा, ध्वनिमुद्रणाच्या की प्रकाशनाच्या? ‘स्टिकी फिंगर्स’मधील ‘ब्राउन शुगर’ आणि ‘वाइल्ड हॉर्सेस’ ही गाणी डिसेंबर १९६९ मध्येच अलाबामातील मसल शोल्स येथे ध्वनिमुद्रित झाली होती आणि पुढे सोळा महिने ती ध्वनिमुद्रणे प्रकाशित झाली नाहीत. मी प्रकाशनाचेच वर्ष धरतो, कारण अल्बम हा श्रोत्यांच्या हाती पडल्यावरच अल्बम होतो; तरीही एखाद्या वर्षाचा प्रतिनिधी म्हणून ज्याला उभे करायचे, त्यात त्या वर्षाचा स्वतःचा ध्वनी असावा, अशी माझी अपेक्षा आहे, आणि ‘स्टिकी फिंगर्स’ तेथे कमी पडतो. त्यातील ध्वनी साठच्या दशकाच्या अखेरीचा आहे. अँडी वॉरहोलच्या कल्पनेतून आलेले, पँटची खरी चेन लावलेले मुखपृष्ठ कितीही गाजले असले, तरी मुखपृष्ठाला गुण देण्याच्या मी विरुद्ध आहे.

ब्लॅक सॅबथची बाजू आमच्याकडे उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या एका तरुण मित्राने मांडली, आणि ती मला फार मोलाची वाटली. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी हा बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, हलक्या तारा वापरल्या आणि ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’तील काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. तारा सैल झाल्याने दाबणे सोपे झाले आणि आवाजाला जो जड, काळोखा पोत आला, त्यावर पुढची कित्येक वर्षे हेवी मेटल उभे राहिले. ज्या गावात फाउंड्रीत आणि प्रेसवर काम करणारी माणसे घराघरांत आहेत, तेथे ही हकीकत वेगळ्या तऱ्हेने ऐकली जाते. माझ्या क्रमवारीत हा अल्बम तिसरा आहे, आणि त्याला तिसरा ठेवताना मला जड जाते.

आता झेपेलिनकडे वळतो, कारण खरी लढत त्यांच्याशीच आहे.

मुखपृष्ठावर बँडचे नाव नाही, अल्बमलाही नाव नाही, आणि तरीही अमेरिकेत दोन कोटींहून अधिक प्रतींच्या विक्रीचे प्रमाणपत्र त्याला मिळालेले आहे, हे त्याचे समर्थक मोठ्या अभिमानाने सांगतात. विक्रीचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर कधीच पोहोचला नव्हता हेही मग सांगावे लागेल, आणि त्यातून संगीताविषयी काहीच सिद्ध होत नाही. मला अडवणारे गाणे निराळे आहे. चिकोडीकडच्या आमच्या एका ज्येष्ठ मित्रांनी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या शेवटच्या गाण्याच्या बळावर आपले मत झेपेलिनला दिले. हे गाणे मूळ मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचे, १९२९ मधले; १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात बांध फुटून माणसे देशोधडीला लागली, त्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या साऱ्या नद्यांनी आपल्या जिल्ह्यात जे केले, ते पाहिलेल्या माणसाला त्या ड्रम्सच्या पहिल्या ठोक्यालाच पाण्याचा अंदाज येतो, असे ते म्हणाले आणि बैठकीत कोणीही त्यांना प्रत्युत्तर दिले नाही. ते ड्रम्स हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या उंच दालनात ठेवले होते आणि मायक्रोफोन वरच्या मजल्याच्या जिन्याशी टांगले होते, म्हणून झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम याच्या प्रत्येक आघाताबरोबर त्या वास्तूच्या भिंतीही वाजतात. रॉकमध्ये ड्रम्सचा याहून भव्य आवाज मी ऐकलेला नाही, आणि हे मी झेपेलिनच्या विरोधात मत देतानाही मोकळेपणाने नमूद करतो.

मग आक्षेप कोणता? संपूर्ण अल्बम म्हणून ऐकताना मला त्यात एक फट जाणवते. पहिल्या बाजूची चार गाणी निर्दोष आहेत. दुसरी बाजू मात्र ‘मिस्टी माउंटन हॉप’ आणि ‘फोर स्टिक्स’ यांनी सुरू होते आणि तेथे अल्बम खाली बसतो. शेवटची दोन गाणी त्याला पुन्हा वर उचलतात. ‘फोर स्टिक्स’मध्ये बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून पाच आणि सहा मात्रांची जी गुंफण केली आहे ती कठीण आहे, यात वाद नाही; पण अवघडपणा ऐकू येत राहतो आणि गाणे मागे पडते. पुढच्याच वर्षी झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत भारतीय वादकांना घेऊन हेच गाणे पुन्हा मुद्रित केले होते, जे २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले; मला ते मूळ गाण्यापेक्षा अधिक भावते. दुसरे असे, की हा अल्बम बहुतांशी मागे पाहतो. पन्नासच्या दशकातले रॉक अँड रोल, १९२९ चा ब्लूज, इंग्लंडचे लोकसंगीत या साऱ्यांचा तो थोर संग्रह आहे. १९७१ मध्ये जे प्रथमच शक्य झाले, ते मला ‘हूज नेक्स्ट’मध्ये ऐकू येते.

‘द हू’चा गिटारवादक आणि प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड याला मुळात हा अल्बम करायचाच नव्हता. ‘लाइफहाउस’ नावाची विज्ञानकथा, तिचा चित्रपट आणि श्रोत्यांच्या सहभागातून घडणारे संगीत असा त्याचा अवाढव्य बेत होता. लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात त्यासाठी प्रयोग झाले, न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण सुरू होऊन थांबले, सहकाऱ्यांना ती कथा शेवटपर्यंत उमगली नाही आणि टाउनशेंड स्वतः मानसिकदृष्ट्या कोसळण्याच्या बेतास आला. अखेर ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांनी त्या पसाऱ्यातून निवडक गाण्यांचा एकच अल्बम करण्याचे सुचवले आणि लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत तो पुरा झाला. नऊ गाणी, सुमारे त्रेचाळीस मिनिटे. कथा गळून पडली, पण तिच्यासाठी तयार केलेली यंत्रांची भाषा गाण्यांत शिल्लक राहिली.

‘बाबा ओरायली’ या पहिल्या गाण्यात लॉवरी ऑर्गनवर एक आकृती अखंड फिरत राहते. ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ या शेवटच्या गाण्यात ऑर्गनचा आवाज ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस-३ या सिंथेसायझरमधून, म्हणजे विजेवर ध्वनी घडवणाऱ्या यंत्रातून, नेऊन त्याचे लयबद्ध तुकडे पाडलेले आहेत. तोपर्यंत रॉकमध्ये सिंथेसायझर बहुधा नवलाईचा आवाज म्हणून येत असे. येथे तो गाण्याचा कणा झाला. ज्यांनी स्वतंत्र तबलावादन मन लावून ऐकले आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा आवर्तनामागून आवर्तन तसाच चालू राहतो आणि त्या न बदलणाऱ्या चौकटीमुळेच तबलजीला कायदे, रेले, तुकडे मोकळेपणाने मांडता येतात. त्याच रीतीने ऑर्गनच्या अढळ आकृतीवर ‘द हू’चा ड्रमवादक कीथ मून याचे ड्रम्स मनमुराद संचार करतात. कीथ मून हा ठेका धरून बसणारा वादक कधीच नव्हता. कानांना हेडफोन लावून आधीच मुद्रित केलेल्या यंत्राच्या लयीबरोबर वाजवताना त्याचा उन्मुक्तपणा कमी होईल, असे कोणालाही वाटले असते. झाले नेमके उलटे. लय सांभाळण्याचे ओझे यंत्राने घेतले आणि माणूस मोकळा झाला. यंत्र आणि माणूस यांचा एवढा समतोल त्या वर्षीच्या दुसऱ्या कोणत्याही अल्बममध्ये नाही, आणि माझ्या मताचा पाया हाच आहे.

‘बाबा ओरायली’ या नावातील बाबा म्हणजे मेहेरबाबा, हे अनेकांना ठाऊक असेल. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेल्या आणि नगरजवळच्या अरणगाव येथे समाधिस्थ असलेल्या मेहेरबाबांचा टाउनशेंड अनुयायी होता. आमच्यापैकी एकाने तर असाही मुद्दा मांडला, की ऑक्टोबर १९४९ मध्ये ‘न्यू लाइफ’ हा आपल्या जीवनातील नवा टप्पा सुरू करताना मेहेरबाबा सोबत्यांसह प्रथम बेळगावलाच येऊन राहिले होते, तेव्हा आपण तरी हा अल्बम निवडलाच पाहिजे. नावाचा उत्तरार्ध अमेरिकन संगीतकार टेरी रायली याच्यावरून आला आहे, आणि हा रायली १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. किराणा म्हटले की मिरजेचे अब्दुल करीम खाँ, कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्या नावांनी आपल्या या सगळ्या पट्ट्याचा ऊर भरून येतो. मलाही या धाग्यांचा मनापासून आनंद आहे. तरीही मी त्यांना मताचे कारण मानत नाही. रायलीच्या ज्या आवर्ती रचनांचा टाउनशेंडवर प्रभाव पडला, त्या प्राणनाथांच्या भेटीआधीच्या आहेत. आणि आपल्या मुलखाशी नाते आहे म्हणून एखाद्या कलाकृतीला वरचे स्थान देणे, हा त्या कलाकृतीवर अन्यायच आहे. ‘हूज नेक्स्ट’ला असल्या शिफारशीची गरज नाही.

कॅसेटच्या काळात आम्ही नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट देऊन अल्बम भरून घेत असू. माझ्या कॅसेटच्या एका बाजूला झेपेलिनचा चौथा आणि दुसऱ्या बाजूला ‘हूज नेक्स्ट’ होता. दोन्ही पंचेचाळीस मिनिटांत बसत असल्याने एकही गाणे तुटत नसे. दोन्ही अल्बम मी वर्षानुवर्षे असे पाठोपाठ, एकही गाणे न ओलांडता ऐकले आहेत, आणि त्या ऐकण्यातूनच हे मत बनले आहे. ‘हूज नेक्स्ट’मध्येही हलकी गाणी आहेत. बँडचा बासवादक जॉन एंटविसल याचे ‘माय वाइफ’ आणि टाउनशेंडचे ‘गोइंग मोबाइल’ ही दोन्ही गाणी इतर सात गाण्यांच्या उंचीची नाहीत. परंतु ‘माय वाइफ’नंतर निकी हॉपकिन्सच्या पियानोचे ‘द साँग इज ओव्हर’ येते आणि ‘गोइंग मोबाइल’नंतर ‘बिहाइंड ब्लू आइज’ येते, तेव्हा ती हलकी गाणी श्वास घेण्याची जागा ठरतात. शेवटच्या गाण्यात बराच वेळ एकटे यंत्र चालते, मग मूनचे ड्रम्स तुटून पडतात आणि गायक रॉजर डाल्ट्री जी किंकाळी फोडतो, तिच्यासाठी मागच्या चाळीस मिनिटांनी श्रोत्याला तयार केलेले असते. हे गाणे सुटे ऐकणाऱ्याला ती किंकाळी थरारक वाटेल. पूर्ण अल्बम ऐकून तेथवर आलेल्याला ती अटळ वाटते.

झेपेलिन दुसरा, सॅबथ तिसरा, आणि चौथ्या स्थानी ‘मेडल’, कारण अख्खी एक बाजू व्यापणारे ‘एकोज’ थोर असले तरी पहिल्या बाजूची सगळीच गाणी त्याच्या तोडीची नाहीत. पाचव्या क्रमांकासाठी ‘ॲक्वालंग’ आणि ‘हंकी डोरी’ यांत माझा निर्णय अजून झालेला नाही.

ज्यांना ‘हूज नेक्स्ट’ प्रथमच ऐकायचा आहे त्यांना एक विनंती आहे. २०२३ मध्ये ‘लाइफहाउस’च्या सामग्रीसह त्याचा दहा सीडींचा मोठा संच निघाला आहे, तो अभ्यासासाठी उत्तम आहे, पण आपला वाद १९७१ मध्ये निघालेल्या नऊ गाण्यांपुरता आहे, म्हणून आधी तीच नऊ गाणी मूळ क्रमाने ऐकावीत. आणि झेपेलिनच्या बाजूने ठाम उभ्या असलेल्या मित्रांनी पुढच्या बैठकीत ‘स्टेअरवे टू हेवन’ पुन्हा लावण्याऐवजी दुसऱ्या बाजूची पहिली दोन गाणी लावून मला उत्तर द्यावे, कारण माझा आक्षेप तेथेच आहे.